अकराव्या प्रभागाचा आवाज

काळ्या स्पंजच्या टोपड्यात एक पांढरा केस अडकला होता. आखूड, जाड, टोकाशी जरासा वळलेला. तिने चिमटीत धरून ओढला तर निघेना — एका भोकातून आत शिरून तो दुसऱ्या भोकातून बाहेर आला होता, म्हणजे वाऱ्याने उडत येऊन बसलेला नव्हता, कुणीतरी त्या स्पंजला आपलं तोंड घासलं असावं... तोंड कशाला कुणी घासेल? मांजर असेल. मांजरांना अशा गोष्टींचं भारी कौतुक. तिने टोपडं उलटं केलं, आतल्या चिठ्ठीवरचा पत्ता वाचला आणि मग तिला आठवलं की त्या घरात मांजर नाही. मांजर नाही, कुत्रा नाही, पोपटही नाही. त्या घरात फक्त आप्पा आहेत, तिचे वडील.

आवाज मोजायच्या यंत्राला वाऱ्याचा त्रास होऊ नये म्हणून त्याच्या टोकावर घालायचं हे टोपडं. खरेदीच्या कागदांवर त्याला लांबलचक नाव होतं, पण महापालिकेच्या नकाशा विभागात सगळे टोपडंच म्हणत, आणि आज बावीस प्रभागांतून बावीस यंत्रं आपापली टोपडी घालून परत आल्यामुळे तिच्या टेबलाचं पाळणाघर झालं होतं. एकेक यंत्र उचलायचं, अनुक्रमांक जुळवायचा, आतली सात दिवसांची नोंद संगणकावर उतरवून घ्यायची, टोपडं झटकून डब्यात ठेवायचं. दहा झाली होती. हे अकरावं.

शहरात जगणं कुठे सुखाचं आणि कुठे कठीण, हे एका नकाशावर दाखवायचं काम गेली दोन वर्षं तिच्या गळ्यात होतं. झाडांची सावली किती, हवेत धूळ किती, नळाला पाणी किती तास, दवाखाना किती पावलांवर, म्हाताऱ्या माणसाला वाटेत टेकायला बाक आहे की नाही — अशा एकोणीस गोष्टी मोजायच्या, प्रत्येकीला गुण द्यायचे, बेरीज करायची आणि बेरजेप्रमाणे प्रभागाला रंग द्यायचा. वरचे गर्द हिरवे, खालचे विटकरी. साहेब त्या बेरजेला ‘निर्देशांक’ म्हणत आणि म्हणताना चष्मा काढून हातात घेत. अठरा गोष्टी भरून झाल्या होत्या, उरला होता फक्त आवाज. उद्या सकाळी दहाला नकाशा सभागृहाच्या भिंतीवर लागायचा होता, आणि पुढच्या वर्षी झाडं कुठे लावायची, दवाखाना कुठे काढायचा, ते त्या रंगांवरून ठरणार होतं.

तिने अकराव्याची नोंद उघडली. सकाळी चौकात बसगाड्या वळतात तिथे फुगवटा, दुपारी सपाटी, संध्याकाळी पुन्हा फुगवटा, तोही साडेसहापर्यंत ओसरलेला... सगळं तिला पाठ असल्यासारखं, कारण ती याच चौकाच्या आवाजात वाढली होती, डोळे मिटूनही तिने हा आलेख काढून दाखवला असता. पण सात वाजून दहा मिनिटांनी रेघ एकाएकी उठली होती, भिंतीवर चढावी तशी सरळ वर, पंधरा मिनिटं वरच राहिली होती आणि मग धपकन खाली. बरं, एक दिवस म्हणावं तर दुसऱ्या दिवशीही सात दहा. तिसऱ्या दिवशी सात दहा, चौथ्या दिवशी सात दहा. बस इतकी वेळ पाळत नाही. शहरात कुणीच इतकी वेळ पाळत नाही — हे मनात आलं आणि तिचा हात माउसवर थांबला.

शिडीवाला समोरच्या खुर्चीत बसून नटबोल्टांचे डबे लावत होता. पन्नाशीचा हा माणूस खांद्यावर शिडी नसताना कुणी पाहिलेला नव्हता, आत्ताही ती त्याच्या पाठीमागे भिंतीला टेकून उभी होती. बावीसही यंत्रं त्यानेच लावली होती. तिने त्याला आलेख दाखवला, विचारलं की अकराव्यात यंत्राजवळ कुणी काही वाजवत होतं का, शेजारी शिकवणी वगैरे. त्याने मान हलवली. मग आठवून आठवून सांगू लागला — तुमच्या आप्पांनी चहा पाजला, शिडी धरली, जिना उतरेपर्यंत सोबत आले, आणि यंत्राची एवढी चौकशी तर महापौरांनीही केली नसती.

“म्हणाले, यात किती मावतं? मी म्हटलं, आप्पा, सात दिवसांचं सगळं मावतं. म्हणाले, आणि हे ऐकणार कोण? मी म्हटलं, ताई स्वतः बसून एकेक तपासणार. तर म्हणाले, मग पुरे.”

“पुरे?”

“हां. मग पुरे, म्हणाले. गोड माणूस.”

तिने पुन्हा त्या टोपड्याकडे पाहिलं. आखूड, जाड, टोकाशी वळलेला केस. मिशीचा. आप्पांच्या मिशीचा एक केस माझ्या टेबलावर येऊन पडलाय आणि मी मांजर शोधतेय!

आप्पा तेहतीस वर्षं बसस्थानकावर अनाउन्सर होते. चौकशीच्या खिडकीमागे एक काचेची खोली, खोलीत एक लोखंडी खुर्ची आणि टेबलावर वाकडी मान केलेला माइक. त्या माइकला ओठ लावून ते बोलायचे आणि सगळं स्थानक मान वर करून ऐकायचं. फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी... प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं... हरवलेलं पोर सापडलंय, निळा सदरा आहे, रडत नाहीये, बिस्किट खातंय, आईने घाबरून न जाता चौकशीच्या खिडकीशी यावं. ‘रडत नाहीये, बिस्किट खातंय’ हे कुठल्या नियमात नव्हतं, ते आप्पांचं स्वतःचं. गावातला भाजीवाला, शाळेतली बाई, दवाखान्यातला कंपाउंडर, सगळे त्यांना आवाजावरून ओळखायचे. आणि असा हा माणूस घरी आला की त्याच्या तोंडाला कुलूप. हं, बरं, बघू, झालं — एवढ्या चार शब्दांवर त्यांनी संसार केला. आई म्हणायची, ह्यांच्यासाठी घरात एक भोंगा बसवून घ्या कुणीतरी, म्हणजे भाजीत मीठ कमी पडलं का ते तरी कळेल. आप्पा त्यावर मिशीतल्या मिशीत हसायचे, आणि ते हसणंसुद्धा आवाज न करता.

ती कॉलेजात होती तेव्हा संध्याकाळी घरी जायची गाडी त्याच स्थानकावरून मिळायची. फलाटावर तीनशे माणसं, धूर, धक्काबुक्की, आणि ती पिशवी पायाशी ठेवून उभी. तिच्या गाडीची घोषणा करण्याआधी आप्पा माइकमध्ये बारीकसं खाकरत. बाकीच्या गाड्यांच्या आधी नाही, फक्त तिच्या. तीनशे माणसांना ते नुसतं खाकरणं, आणि तिला ते — ठके, उचल पिशवी, आली तुझी गाडी. ती पिशवी उचलून पुढे व्हायची आणि तिला खिडकीची जागा मिळायची. पाच वर्षं मिळाली. एकदा तिने घरी लाडात येऊन विचारलंही, तर म्हणाले, घसा खराब होता. पाच वर्षं घसा खराब... तिला आत्ता, टेबलाशी बसल्या बसल्या, एवढं भरून आलं की तिने घाईघाईने बारावं यंत्र उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

तेव्हा हे असं होतं. गॅलरीत लेकीने यंत्र लावून घेतलं, यंत्राला टोपडं घातलेली मान, मानेची उंची बेताची, आत सात दिवसांचं सगळं मावतं, आणि मावलेलं सगळं लेक स्वतः बसून ऐकणार. आप्पांना वाटलं, माइक आहे. का वाटू नये? माइक म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांना फक्त हे ठाऊक नव्हतं की ह्या यंत्राला शब्द कळत नाहीत, ते फक्त किती मोठ्याने एवढंच टिपतं. कुत्रा भुंकला, गाडी वळली, बाप बोलला, त्याला सगळं सारखं. आणि वेळ सात दहाची, कारण... कारण काय, ते तिला मघाशीच कळलं होतं, फक्त कबूल करायचं राहिलं होतं. आई गेल्यापासून रोज सात वाजून दहा मिनिटांनी मी आप्पांना फोन करायचे. घरी पोचून, हातपाय धुऊन, सात दहाला. तीन वर्षं केला. या नकाशाच्या धांदलीत गेले दोन महिने तो कधी नऊला झाला, कधी राहून गेला, कधी दुसऱ्या दिवशीवर गेला. रविवारी भेटायला जाणंही चारदा चुकलं. आप्पा एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी त्यांची वेळ चुकवली नाही, एवढंच.

साहेब फेरी मारायला आले तेव्हा तिने आलेख लपवला नाही. ते वाकून बघत राहिले, मग म्हणाले की हा आवाज रस्त्याचा नव्हे, यंत्राच्या नाकाशी कुणीतरी काहीतरी करतंय; असा व्यत्यय वगळायला हरकत नाही, पण त्यासाठी नोंदवहीत एक रकाना आहे. व्यत्ययाचे कारण. “कारण कळल्याशिवाय काढायचं नाही आणि कळल्यावर ठेवायचं नाही,” ते म्हणाले, “तेवढं इमान राखलं की बाई, नकाशा आपोआप खरा होतो.” आणि चष्मा पुसत पुढे गेले. साहेबांचं बरं आहे, तिला वाटलं. साहेबांचे वडील कुठल्याच प्रभागात नाहीत.

कारण तिला कळलं होतं, आणि ते काढायचं म्हणजे काय होणार हेही तिने मनातल्या मनात केव्हाच मांडून बघितलं होतं. सर्वांत खाली दोन प्रभाग होते, सतरावा आणि अकरावा. सतराव्याच्या गोंगाटाला काही गुण मिळणार नव्हते, म्हणजे त्याचे चाळीसच. अकराव्यात आवाज साठ डेसिबलच्या आत राहिला तर एक्केचाळीस, वर गेला तर एकोणचाळीस. आप्पांचं बोलणं धरलं तर सरासरी साडेसाठ येत होती. न धरलं तर अठ्ठावन्न. म्हणजे आप्पा बोलले म्हणून त्यांचा प्रभाग शहरात शेवटचा. बोलले नसते तर शेवटून दुसरा. बाहेरच्या माणसाला यात काय मोठंसं. पण गेल्या वर्षी तिने कच्चा नकाशा आप्पांच्या पलंगावर पसरला होता, त्यांचं बोट धरून आपल्या चौथ्या प्रभागावर ठेवलं होतं — एक्क्याऐंशी गुण, घरासमोर बाग, दवाखाना दोनशे पावलांवर, लिफ्ट — आणि म्हटलं होतं, आप्पा, आता पुरे हे तीन जिने. थंडीत ते न्हाणीघरात घसरले होते आणि चार दिवस सांगितलं नव्हतं. तिच्या नवऱ्याने मागची खोली रिकामी करून रंगवूनही घेतली होती, पलंगाला धरायला कठडा लावला होता. आप्पांनी नकाशा बराच वेळ पाहिला, फलाटांचे क्रमांक तपासावेत तसा, आणि म्हणाले, “माझा अकरावा बाविसातून बाविसावा आला तर येतो. एकविसावा आला तरी नाही.” ती हसली होती. पण आप्पा नंबरांच्या बाबतीत थट्टा करत नाहीत. चार नंबरची गाडी ते पाचवर लावणार नाहीत.

आणि आता खरं सांगायचं तर अकराव्या प्रभागात यंत्र लावायला दहा घरं होती. चौकापासून आत, गल्लीत, शाळेमागे. परवानगी चटकन मिळेल म्हणून वडिलांचं घर घेतलं, असं मी साहेबांना सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. पण ती गॅलरी नेमकी बसच्या वळणावर आहे, तिथे आकडा मोठा येईल, हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? आप्पांना पुन्हा पडण्याआधी उचलून आणायचं होतं मला. त्यासाठी आकड्याला जरासा हात लावला, हलकेच, दाराची कडी सरकवावी तसा. आणि बसगाड्यांनी काही तो आकडा गाठला नाही. गाठला तो आप्पांनी स्वतः, माझ्याशी बोलून.

जेवणाच्या सुट्टीत ती बाहेरच्या व्हरांड्यात आली आणि तिने फोन लावला. सांगायचं असं ठरवलं होतं की आप्पा, गैरसमज झाला, ते यंत्र नुसता आवाज मोजतं. सोपं होतं. दोन वाक्यं.

“आप्पा, गॅलरीतल्या त्या यंत्राशी तुम्ही बोलत होतात का?”

पलीकडून आधी चौकात वळणाऱ्या बसचा हॉर्न तेवढा ऐकू आला.

“पोचलं का?” आप्पा म्हणाले.

ते दोन शब्द त्यांनी असे विचारले की तिने ठरवलेली दोन्ही वाक्यं तशीच राहिली. “पोचलं,” ती म्हणाली.

“सगळं?”

“हो.”

“बरं झालं. सहाव्या दिवशी जरा लांबलं, तुझ्या आईचा विषय निघाला म्हणून.” मग थांबून, “तोंडावर मला नसतं जमलं ठके. आता तू ऐकलंयस. तू ठरव. मी मोडता घालणार नाही.”

ती हो म्हणाली, येते संध्याकाळी म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. आपण हे काय करून बसलो? काय सांगितलं आप्पांनी, काय ठरवायचंय मी? मला घेऊन जा, एकट्याने आता होत नाही, असं बोलले असतील — म्हणून तोंडावर जमलं नसेल, आप्पांना मागणं कधी जमलंय? की मला इथून हलवू नकोस ठके, तुझा तो हिरवा रंग तुझ्यापाशी ठेव, असं — आणि म्हणूनच जमलं नसेल, कारण पोरीला नाही म्हणणं तरी कुठे जमलंय त्यांना? दोन्ही तितकीच खरी वाटत होती. आणि मोडता घालणार नाही म्हणे! आयुष्यभर घातला नाही, हाच तर सगळा घोटाळा.

दुपारी तिने मनाची दारं बंद करून काम केलं. बाराव्यापासून बाविसाव्यापर्यंत सगळी यंत्रं झाली, सगळ्या प्रभागांना रंग चढले, पडद्यावर शहर हिरवं-पोपटी-पिवळं-विटकरी होत गेलं, मध्ये अकरावा तेवढा पांढरा. चौथा प्रभाग तर डोळ्यांत भरण्यासारखा गर्द. त्या गर्द हिरव्यात आपण नऊ वर्षं राहतो आणि वरच्या मजल्यावर कोण राहतं ते आपल्याला त्यांच्या खुर्च्या सरकण्याच्या आवाजावरून तेवढं माहीत, हे तिला आजच का सुचावं कोण जाणे. अकराव्यात आप्पांच्या खाली शिंपीणकाकू राहतात. रोज सकाळी सातला त्या कापड मोजायच्या गजाने छताला दोनदा ठोकतात आणि आप्पा वरून काठीने दोनदा ठोकतात. म्हणजे दोघंही उठली, दोघंही आहेत. एखाद्या दिवशी वरून उत्तर आलं नाही तर काकू जिना चढून येणार, असा करार. न्हाणीघरात पडले त्या दिवशीही काकूच आल्या होत्या. एकोणीस रकान्यांत हे कुठे बसतं? तिने दोन वर्षांत विसावा रकाना काढायचं मनात आणलं नव्हतं. मोठ्याने ठोकलं तर आवाजाचे गुण कमी, एवढं मात्र तिने पक्कं करून ठेवलं होतं.

मग तिने सातही दिवसांचे डोंगर एकाखाली एक लावले. वाचता येईल असं त्यात काहीच नव्हतं आणि ती ते वाचत राहिली. पहिल्या दिवसाचा ठेंगणा, अडखळत चढलेला — आप्पांनी आधी माइकची चाचणी घेतली असणार, एक दोन तीन म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्याचे भरदार. सहाव्याचा चांगला चाळीस मिनिटांचा, त्यात मध्येच दोन खोल दऱ्या, मिनिट-मिनिटभराच्या, जिथे ते थांबले होते. आईचा विषय. तिथे त्यांनी काय केलं असेल? पाणी प्यायले असतील, मिशी पुसली असेल, चौकाकडे बघितलं असेल... तिने त्या दऱ्यांवर बोट ठेवलं. आणि मग पाचवा दिवस. पाचव्या दिवशी सात दहाला डोंगर नव्हताच. रेघ सपाट, रस्त्याच्या पातळीला. सात सोळाला एक छोटासा उंचवटा, दोन मिनिटांचा, आणि संपलं. आजारी होते की काय म्हणून ती धसकली, तारीख बघितली, आपला फोन काढून चाळला. त्या दिवशी सात दहाला तिनेच फोन केला होता. सहा मिनिटं. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, विसरू नका. हं. जुन्या चष्म्याची चिठ्ठी बरोबर घ्या. हं. जिन्यात दिवा लावून उतरा. बरं. सहा मिनिटं ती बोलली होती आणि आप्पांचा एकही शब्द यंत्राने टिपण्याइतका मोठा नव्हता. फोन ठेवल्यावर ते गॅलरीत आले, आणि जे तिला सांगायचं राहिलं होतं ते त्यांनी दोन मिनिटांत तिला सांगितलं.

शिडीवाला निघताना येतो ताई म्हणाला, त्याची शिडी दाराला ठोकर खाऊन गेली. तिने नोंदवही ओढली. व्यत्ययाचे कारण, या रकान्यासमोर एवढीशी जागा असते, त्यात लोक ‘कुत्रा’, ‘मिक्सर’, ‘लहान मुले’ असं लिहितात. तिने लिहिलं, ‘माणूस बोलत होता.’ कुणाशी, असा रकाना नव्हता. मग तिने सहा डोंगर आणि तो एक उंचवटा एकेक करून वगळले, अठ्ठावन्न आले, अकराव्याला एक्केचाळीस गुण मिळाले आणि तो बाविसातून एकविसावा झाला. पांढऱ्या जागेत फिकट विटकरी रंग भरला गेला. आता आप्पांची ती अट लागू नाही, तिला वाटलं, आणि माझ्या हातात काही उरलं नाही. तिला वाईट वाटायला हवं होतं. पिशवीतलं ओझं कुणी काढून घ्यावं तसं हलकं वाटलं, आणि थोडी भीतीही.

सातला पाच कमी असताना ती तिसऱ्या जिन्याच्या पायथ्याशी होती. शिंपीणकाकूंचं दार उघडं, मशीन चालू. काकूंनी पायाखालची पट्टी न थांबवता तिला पाहिलं, आज कशी वाट चुकलीस म्हणाल्या, आणि मग मशीन थांबवून, “अगं, पण तू गेल्या आठवड्यात रोज येत होतीस ना? वरून आप्पांचा आवाज यायचा, रोज संध्याकाळी. म्हटलं, लेक आलीय, आज गडी खुशीत आहे.” काय बोलत होते ते ऐकू आलं का, असं तिने विचारलं — विचारताना तिला स्वतःचीच लाज वाटली. काकूंनी मान हलवली. मशीन चालू असलं की शब्द कळत नाहीत म्हणाल्या, नुसता सूर कळतो. सूर कसा होता? “बरा होता,” काकू म्हणाल्या, “बसस्थानकावरच्यासारखा.”

आप्पांनी दार उघडलं आणि तिच्याकडे नीट न बघता बाजूला झाले. मिशी कापून नीट केली होती. चेहऱ्यावर एक मोकळेपणा होता, मोठं काम उरकलेल्या माणसाचा, आणि त्या मोकळेपणाखाली थोडा संकोच. ती सगळं ऐकून आली आहे असं धरून ते वावरत होते. बस म्हणाले, चहा टाकतो म्हणाले, आणि आत गेले. नेहमीच्या चार शब्दांत आणखी तीन शब्दांची भर पडली होती. तिने खोलीभर नजर फिरवली, चोरासारखी. पलंगावर माळ्यावरची जुनी बॅग काढून ठेवली होती, उघडी, आत आईचा तपकिरी स्वेटर घडी घालून. म्हणजे यायचंय... हात धुवायला न्हाणीघरात गेली तर भिंतीत नवाकोरा लोखंडी दांडा बसवलेला, धरायला, सिमेंट अजून ओलसर. म्हणजे राहायचंय. ती त्या दांड्याला धरून क्षणभर उभी राहिली. चांगला घट्ट होता.

गॅलरीत यंत्र अडकवायचा लोखंडी आकडा तसाच भिंतीत होता. शिडीवाल्याने काढला नव्हता की आप्पांनी काढू दिला नव्हता, कोण जाणे. नियमाप्रमाणे जमिनीपासून दीड मीटर. ती समोर उभी राहिली तर आकडा बरोबर तिच्या ओठांपाशी आला. आप्पांना वाकावं लागलं असणार, त्यांची उंची अजून आहे. गुडघ्यावर हात ठेवून, मान पुढे काढून, त्या काचेच्या खोलीतल्यासारखे... सात संध्याकाळी. खाली चौकात एक चुकार बस वळून गेली आणि तिच्यामागे ती शांतता आली जी आलेखात साडेसहानंतर सपाट दिसायची. तिने पिशवी पायाशी ठेवली. घड्याळ बघायची गरज नव्हती.

मागे स्वयंपाकघरात कपबशा वाजत होत्या. आप्पांकडे वळून, त्यांच्या तोंडाकडे बघून हे आपल्याला सांगता येणार नाही, हे तिला तिथे उभं राहिल्यावर कळलं. त्यांचीच तर लेक. म्हणून ती भिंतीतल्या त्या आकड्याला म्हणाली, जरा मोठ्याने, कारण आप्पांना हल्ली कमी ऐकू येतं —

“आप्पा, मला काहीच ऐकू आलं नाही. ते यंत्र नुसता आवाज मोजतं. दुपारी फोनवर मी खोटं बोलले.”

कपबशांचा आवाज थांबला. ती वळली नाही. चौक समोर होता, बाकावर कुणीतरी बसलं होतं, वळणावरचा दिवा लागला होता. नकाशावर हे सगळं मिळून एक्केचाळीस झालं होतं आणि तिला ते आत्ता या घटकेला मोजता आलं नसतं. काय सांगतील? येतो म्हणतील, नाही म्हणतील... जे म्हणतील ते आपण ऐकू, हे तिला आज पहिल्यांदा खरं वाटलं. इतके दिवस ती फक्त हो ऐकायला येत होती. आत शांतता लांबत चालली, मिनिटभराची, सहाव्या दिवसाच्या दरीएवढी.

मग आतून कुणीतरी बारीकसं खाकरलं.

आणि तिच्या लक्षात आलं की आपण पायाशी ठेवलेली पिशवी उचलून हातात घेतली आहे.